तुम्ही विचारलंत म्हणून: सासूबाईंना घेऊन साळबर्डी कशी चढता?

लग्नात, तेरवीत, बसस्टँडवर, कुठेही साळबर्डीचं नाव निघालं की कुणीतरी विचारतंच, "सासूबाई सत्तरीच्या, पोट्टे एवढे एवढे, अन् तो खडा डोंगर. कसं जमवता हो?" पाहुणा पुण्याकडचा असला तर त्याचा उपप्रश्न असतो, "विदर्भात डोंगर आहेत?" आहेत. मोर्शीकडून संत्र्याच्या बागा संपेपर्यंत जमीन तव्यासारखी सपाट, आणि मग एकदम सातपुडा उभा. साळबर्डी तिथेच पायथ्याशी, अर्धी आपल्या अमरावती जिल्ह्यात, अर्धी मध्य प्रदेशातल्या बैतूलमध्ये. वर महादेवाचं भुयार. तिथवर पायीच जावं लागतं.

आता मूळ प्रश्न. आमच्याकडे सासूबाई सगळ्यांत पुढे चालतात आणि त्यांना ओलांडून कुणी जायचं नाही. मागे ठेवलं की म्हातारं माणूस पुढच्यांना गाठायच्या नादात दम लावून चालतं आणि अर्ध्या वाटेत बसतं. पुढे असलं की आपल्या चालीनं चालतं, बाकीचे झक मारत तीच चाल धरतात.

खरी युक्ती मात्र आरोळीत आहे. महादेवाच्या यात्रेला आमच्याकडे म्हणतात, "एक नमन गौरा पारबती, हर बोला", आणि बाकीच्यांनी "हर हर महादेव" म्हणायचं. हे काम मोठ्या मुलीकडे. दर वळणावर ती ओरडते. ज्याचा "महादेव" अर्ध्यात तुटला, त्याचा श्वास फुललेला. तिथे सगळे थांबतात, तुटलेला आवाज कुणाचा होता हे कुणी विचारत नाही. मला वाटतं ही आरोळी भक्तीइतकीच दमासाठी असावी, पण हे सासूबाईंसमोर बोलायची सोय नाही.

आवाज सहसा सासूबाईंचा तुटत नाही आणि पोरांचा तर नाहीच. तुटतो तो माझ्या दिराचा. नवे बूट, मनगटावर घड्याळ, त्यात पावलं मोजली जातात. "वहिनी, पाणी पिऊन घेऊ जरा," असं तो फार सहज म्हणतो. सासूबाई मागे न पाहता म्हणतात, "बस बापा, बस. डोंगर काई पळून नाई जाऊन रायला."

ऋतूचं विचाराल तर दिवाळी झाल्यापासून माघापर्यंत. होळीनंतर आमच्याकडचं ऊन डोंगर चढू देत नाही. सकाळी नऊलाच दगड तापतात. पावसाळ्यात हिरवं फार सुंदर, पण शेवाळावरून घसरलेला माणूस खाली आणायचा कसा? महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, तेव्हा पोरं आणि म्हातारी दोन्ही घेऊन आम्ही जात नाही. उजाडता उजाडता चढायला लागायचं. पाणी ज्याचं त्यानं उचलायचं, लहान्यानंसुद्धा, त्याच्या बाटलीपुरतं. खाऊ पिशवीच्या तळाशी. वानरांना प्लास्टिकची पिशवी दिसली की ती त्यांचीच. पोरांना बिब्ब्याचं झाड आधीच ओळखायला शिकवा, त्याचा चीक लागला की कातडी भाजल्यासारखी फोडानं भरते. आणि आग्यामोहोळ दिसलं तर तिथे अगरबत्ती नको, विडी तर नकोच.

पोरं कंटाळत नाहीत का, हेही विचारतात. आमची नाही कंटाळत, कारण त्यांना डायनासोर कळला आहे. साळबर्डीच्या परिसरात लमेटा नावाचे जुने खडक आहेत. त्यांत अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांना डायनासोरचं हाड आणि अंड्यांची घरटी सापडली. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यावर मग दख्खनचा लाव्हा येऊन थिजला. हे धाकट्याला सांगितल्यापासून तो प्रत्येक गोल दगड उचलून विचारतो, "हे अंडं हाय का?" सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असन. महादेवाचा नंदी का लहान होता?" महानुभाव लोकही इथे येतात, चक्रधरस्वामींनी या डोंगरात तप केलं असं ते मानतात. एवढ्याशा डोंगरावर किती जणांचा हक्क.

भुयाराची गोष्ट अशी की भस्मासुर मागे लागला तेव्हा महादेव इथून शिरले आणि थेट पचमढीला निघाले. आत वाकून जावं लागतं. अंधाराची भीती वाटणाऱ्याला ओढून नेऊ नका, बाहेरून हात जोडले तरी चालतात. माझी जाऊ बाहेरच बसते, चपला सांभाळते. तिला कुणी काही म्हणत नाही.

चढण्यापेक्षा उतरणं वाईट, हे मात्र कुणी विचारत नाही. चढताना दम जातो, उतरताना गुडघे, आणि दम परत येतो. वाळलेल्या सागाच्या पानांखाली बारीक मुरूम असतो, त्यावर पाय ठेवला की गेलाच. म्हणून उतरताना सासूबाईंच्या पुढे दीर, मागे मी, त्यांच्या हातात बांबूची काठी. पाय आडवा टाकायचा, घाई नाही, आणि आरोळी बंद, कारण लक्ष पायाकडे हवं. या वेळी दिराच्या खांद्याचा फार उपयोग होतो, हे कबूल केलं पाहिजे.

मोठे दीर चढतच नाहीत. ते खालीच सकाळपासून गोवऱ्या पेटवून रोडगे लावतात, वांग्याची भाजी रांधतात. रोडगे कसे करायचे तेही पुष्कळ जण विचारतात, पण ते त्यांनाच विचारा. मला ते हात लावू देत नाहीत.