बियांना उगाच बदनाम करू नका

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो, असं सगळे म्हणतात. हिरवी मिरची उभी चिरा आणि उजेडात धरा. बिया ज्याला लटकलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यावर, तशाच आतल्या पातळ पडद्यांवर, फिकट पिवळसर तेलकट फोड दिसतील. मिरचीचा जाळ तिथे तयार होतो. बी स्वतः कॅप्सेसिन, म्हणजे तिखटपणा देणारं रसायन, बनवत नाही; गाभ्याला टेकून असल्याने ते तिला माखतं. म्हणून भावनगरी मिरच्या भरताना नुसत्या बिया झटकून भागत नाही, चमच्याच्या टोकाने शीर खरवडावी लागते.

लालबागच्या मिरची गल्लीत रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी लवंगी वेगवेगळी तोलून घेतात, त्याचं कारणही इथेच आहे. लाल रंग सालीत तयार होतो, तिखटपणा गाभ्यात; दोघांची जनुकं वेगळी.

कॅप्सेसिन बनताना गाभ्याच्या वरच्या थरातल्या पेशींत दोन धागे एकत्र येतात. एक फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लापासून निघालेला, दुसरा व्हॅलिन या अमिनो आम्लापासून. त्यांची शेवटची गाठ मारणारं जनुक म्हणजे पन१. ढोबळी मिरचीत या जनुकाच्या सुरुवातीचा डीएनएच्या सुमारे २५०० अक्षरांचा तुकडाच गायब असतो, म्हणून ती गोडी. एमवायबी३१ हे जनुक मुकादमासारखं. ते या साखळीतल्या बाकीच्या जनुकांना कामाला लावतं. भूत जोलोकिया या जहाल मिरचीत तर फोड गाभ्यावर थांबत नाहीत, सालीच्या आतल्या बाजूलाही पसरतात.

ही जनुकं फळ धरल्या धरल्या जागी होत नाहीत. फूल उमलल्यापासून साधारण २० दिवसांनी कॅप्सेसिन साठायला लागतं आणि ४० ते ५० दिवसांच्या सुमारास, जातीनुसार, कमाल गाठतं. गॅलरीतल्या कुंडीतली मिरची पंधराव्या दिवशी तोडली आणि मिळमिळीत लागली, तर दोष बियाण्याचा नाही. पहिल्या फुलांच्या देठाला रंगीत दोरा बांधा, तारीख लिहा, मग तोडा.

‘शेजारी ढोबळी लावली म्हणून लवंगी फिकी पडली’ हा समज मात्र पार चुकीचा. साल आणि गाभा दोन्ही आईच्या झाडाचे. परागाचा वाटा फक्त बीत. ढोबळीच्या फुलावर लवंगीचा पराग पडला तरी ते फळ गोडच राहील. त्यातलं बी पेरलं की पुढचं झाड तिखट निघेल, कारण चालू पन१ प्रबळ असतं, म्हणजे एकाच पालकाकडून आलं तरी पुरतं. त्या झाडाचं बी पुन्हा पेरलं तर ढोबळमानाने चारातलं एक झाड गोड. किती तिखट, हे मात्र एकट्या पन१वर ठरत नाही.

घरचं बी धरायचं असेल तर कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी तिला जाळीच्या कापडाची छोटी पिशवी बांधा. पिशवी घट्ट आवळू नका, देठ मोडतो. सकाळी फांदीला दोन-तीन हलक्या टिचक्या मारा. मिरचीच्या फुलात नर-मादी दोन्ही असल्याने तेवढं पुरतं. फळ वाटाण्याएवढं झालं की पिशवी काढा, पण खुणेसाठी देठाला रंगीत दोरा ठेवा. मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. बी काढताना हातमोजे घाला आणि सावलीत वाळवा. हाताला जळजळ झालीच तर आधी खोबरेल चोळा, मग साबण लावा. नुसत्या पाण्याने कॅप्सेसिन निघत नाही.