अनोळखी माणसांसाठी केलेले व्हिडिओ

"ताई, टिकटॉकवरचे माझे व्हिडिओ आता कुठं असत्याल ओ?" शेंगा सोलता सोलता वहिनीनं आज विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

आई देवळात गेली की ती गोठ्यात मोबाईल पाटीला टेकवायची आणि पदर सावरत पंधरा सेकंदांत गाणं उरकायची. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली आणि ते सगळं थांबलं.

"रील कर की आता," मी म्हटलं.

"नको. तिथं सगळे पाव्हणेच बघत्यात."

दिवसभर हेच डोक्यात आहे. चीनमध्ये २०१६ साली बाइटडान्स या कंपनीनं दोयिन हे छोट्या व्हिडिओंचं अ‍ॅप काढलं, पुढच्या वर्षी बाहेरच्या जगासाठी टिकटॉक. मग म्युझिकली हे तसंच दुसरं अ‍ॅप विकत घेऊन २०१८ मध्ये त्यातच मिसळलं. पण जगभर पसरण्यामागचं खरं कारण मला वहिनीच्या त्या वाक्यात दिसलं. तुमच्या ओळखी किती, यावर टिकटॉकवर फारसं काही अडत नव्हतं. लोक व्हिडिओ किती वेळ बघतात, त्यावर तो पुढं जायचा. म्हणून गोठ्यातली बाई कुठल्या कुठं पोचायची, आणि घरच्यांना पत्ताही नसायचा.

बंदीसाठी सरकारनं देशाच्या सुरक्षेचं कारण दिलं. ते मला मान्य आहे. तरी अशा बायकांचं काय गेलं, याची साधी विचारपूसही कुणी केली नाही, हे मला लागतं.

तुमच्याही घरात तेव्हा कुणी असं गप्प झालं का?