एंटरप्राइझमध्ये मी लावलेले दिवे

दिवे लावलेलं अंतराळयानाचं मॉडेल करायचं म्हटलं की लोक आधी एलईडी आणायला धावतात. माझं मत विचाराल तर पहिली खरेदी काळ्या रंगाची करा. सुटे भाग जोडून मॉडेल करायची ही किट पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकची असतात आणि ते प्लॅस्टिक दिसतं तितकं घट्ट नसतं. आत एक पांढरा एलईडी पेटवला की खिडक्या राहतात बाजूला आणि अख्खं यान आकाशकंदिलासारखं पेटतं. त्यामुळे या छंदातला निम्म्याहून अधिक वेळ उजेड पाडण्यात जात नाही, नको तिथला उजेड अडवण्यात जातो.

मी केलं ते स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळकथांच्या मूळ टीव्ही मालिकेतलं यान, एंटरप्राइझ. पोलर लाइट्स या कंपनीचं 1/350 प्रमाणातलं किट, 2012 मध्ये आलेलं. गोष्टीतलं यान 289 मीटर लांब, म्हणजे मॉडेल जवळजवळ 83 सेंटिमीटर. जेवणाच्या टेबलावर ठेवलं तर जेवायला जागा उरत नाही, एवढं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. आमच्याकडे तेव्हा कृष्णधवल टीव्ही होता, त्यामुळे यानाच्या मागच्या दोन लांब नळ्यांच्या तोंडाशी असलेले घुमट नारिंगी आहेत आणि त्यांच्या आत काहीतरी फिरतंय, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यापासून ते स्वतः करून बघायचं डोक्यात होतं.

काम सुरू करण्याआधी चित्रीकरणात वापरलेल्या मूळ मॉडेलविषयी मिळेल ते वाचून काढलं. मालिकेचे कला दिग्दर्शक मॅट जेफरीज यांच्या आराखड्यावरून 1964 मध्ये बांधलेलं ते मॉडेल 11 फुटांहून जास्त लांब आहे. लाकूड, प्लॅस्टिक आणि पत्रा, असा सगळा मिश्र कारभार. सध्या ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे. मोठ्या डागडुजीनंतर 2016 मध्ये ते पुन्हा लोकांसमोर आलं आणि त्या वेळी आतल्या दिव्यांच्या जागी एलईडी बसले. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची डावी बाजू. दिव्यांच्या तारा त्या बाजूने बाहेर काढलेल्या होत्या, म्हणून ती बाजू धड रंगवलेली, सजवलेली नव्हतीच. कॅमेरा कायम उजवीकडून. म्हणजे तारा लपवायच्या कुठे हा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता, त्यांनी सरळ ती बाजू दाखवायचीच नाही असं ठरवून टाकलं. माझं मॉडेल बैठकीच्या खोलीत चारी बाजूंनी दिसणार होतं, मला ही सोय नव्हती.

म्हणून गोंदाची बाटली उघडण्याआधी तारांचा रस्ता ठरवला. वर मोठी तबकडी, खाली धड, दोघांना जोडणारी बारीक मान. धडातून मागे वर गेलेले दोन पायलन, म्हणजे आधाराचे दांडे, आणि त्यांच्या टोकांवर दोन नॅसेल, म्हणजे त्या लांब नळ्या. वीज खालून, स्टँडच्या पितळी नळीतून येणार. तबकडीची प्रत्येक तार मानेतून जाणार आणि नॅसेलची प्रत्येक तार पायलनमधून. पायलन आतून इतका चिंचोळा की नेहमीची प्लॅस्टिकच्या वेष्टनाची वायर दोन-तीनच्या वर मावत नाही. इथे उपयोगी पडते ती मोटार वाइंडिंगची एनॅमल तार. तिच्यावर लाखेसारखा पातळ थर असतो, त्यामुळे एकमेकींना चिकटून गेल्या तरी शॉर्ट होत नाहीत. टोकाचा थर ब्लेडने खरवडायचा किंवा सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकावर सोल्डरच्या थेंबात जाळायचा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीचा झेंडा आणि त्यावर नंबर. हे कंटाळवाणं आहे, पण सगळ्या तारा दिसायला सारख्या तांबूस असतात आणि एकदा आत गेल्या की कुठली कुठे निघाली ते देवाला ठाऊक.

सामान पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणलं. वॉर्म व्हाइट एलईडी, 330 ओहमचे रेझिस्टन्स, लाल, हिरवे, पिवळे, निळे थोडे थोडे, असं सांगितल्यावर दुकानदार म्हणाले, "ताई, मखराला का? मग तयार माळच घ्या ना, कशाला डोकं लावता?" यान आहे म्हटल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "विसर्जनाचं नाही ना? पाणी लागलं तर वॉरंटी नाही." 

हिशोब सोपा आहे. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. तीन एलईडी ओळीने जोडले की 9 व्होल्ट. अडॅप्टर 12 व्होल्टचा, म्हणजे उरलेले 3 व्होल्ट रेझिस्टन्सने खायचे. बहुतेक जण 20 मिलिअँपिअर धरतात, मी 10 धरले. 3 भागिले 0.01 म्हणजे 300 ओहम, बाजारात मिळतो 330. उजेड थोडा कमी पडतो आणि तेच हवं असतं. खिडकीतून दिवाणखान्याचा उजेड यावा, फ्लडलाइटचा नाही. शिवाय बंद प्लॅस्टिकच्या पोटात उष्णता जितकी कमी तितकं बरं. लाल एलईडीला 2 व्होल्टच्या आसपास लागतात, त्यांचा हिशोब वेगळा करावा लागतो. पांढऱ्यांच्या ओळीत लाल घुसडू नये.

आता काळा रंग. प्रत्येक कवचाला आतून काळ्या ॲक्रिलिक स्प्रेचे दोन हात आणि त्यावर पांढऱ्याचा एक. काळा उजेड अडवतो, पांढरा आतल्या आत परतवून खिडक्यांकडे ढकलतो. गाड्यांना मारतात तो ड्यूको स्वस्त आणि चिवट असतो, पण त्याचं थिनर जाड थराने उघड्या प्लॅस्टिकवर बसलं की प्लॅस्टिकच वितळायला लागतं, त्यामुळे तो मी हाताळला नाही. रंग वाळला की भाग बाथरूममध्ये न्यायचा, दार लावून घ्यायचं, आतून मोबाइलचा टॉर्च धरायचा. पहिल्यांदा हे करताना हसू येतं आणि मग गळती दिसायला लागते. सपाट जागा अगदी काळ्याकुट्ट, पण तबकडीचे वरचे-खालचे भाग जिथे मिळतात त्या कडेने केसाएवढी उजेडाची रेघ. जोड कितीही घट्ट बसवा, ही रेघ राहतेच. त्यावर उपाय एसी दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारी ॲल्युमिनियमची टेप. कडेला आतून ओठासारखी पट्टी लावली की उजेडही अडतो आणि गरमीही पसरून जाते. फक्त ती विजेला वाट देते, त्यामुळे सोल्डरचा उघडा सांधा तिच्या जवळपास नको. माझ्या प्रत्येक सांध्यावर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या नळीची, टोपी आहे.

खिडक्यांना किटमध्ये पारदर्शक तुकडे मिळतात. ते जसेच्या तसे बसवले तर आतला एलईडी ठिपक्यासारखा दिसतो आणि सगळी मजा जाते. मागची बाजू 800 नंबरच्या वॉटर पेपरवर घासून दुधी केली. काही खिडक्या मुद्दाम काळ्या रंगवून बंद ठेवल्या. 430 जणांचं यान आहे, कोणीतरी झोपलेलं असणारच.

अगदी बारीक दिव्यांसाठी ऑप्टिकल फायबर, म्हणजे उजेड वाहून नेणारा पारदर्शक धागा, वापरली. ती मी खास मागवली नाही. खेळण्यांच्या दुकानात झुपकेदार फायबरचा रंग बदलणारा दिवा मिळतो, तो सोलला. हातातल्या छोट्या ड्रिलने अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडायचं, फायबर आतून ओवायची, बाहेर बोटभर ठेवायची आणि रंगकाम झाल्यावर कापायची. नुसती कापली तर ती फक्त समोरून चमकते. कापण्याऐवजी थोडीशी बाहेर ठेवून तिच्याजवळ तापलेलं सोल्डरिंग आयर्न नेलं, टेकवायचं नाही, नुसतं जवळ, की टोक आपोआप फुगून बारीक मोत्यासारखं गोल होतं. मग तो दिवा बाजूनेही दिसतो. एक क्षण जास्त झाला की मोती काळवंडतो. हे काम मी सकाळी, चहा घेण्याआधी करायचे. चहानंतर हात थरथरतो असं माझं म्हणणं आहे, घरातले हसतात.

खरा जीव गेला तो नॅसेलच्या घुमटांत, आणि सगळा आनंदही तिथेच. चित्रीकरणाच्या मॉडेलमध्ये आत रंगीत लुकलुकणारे छोटे बल्ब, आरशाचे तुकडे आणि मोटरीवर फिरणारी पाती होती. त्यातून उजेड सतत तुटत-जुळत राहतो आणि काहीतरी धगधगतंय असा भास होतो. मी लाल, पिवळे, हिरवे, निळे एलईडी गोलात बसवले आणि त्यांना अर्दुइनो नॅनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावरून लुकलुकवलं. नॅनोच्या एका पिनमधून जास्त करंट ओढता येत नाही, म्हणून मधे यूएलएन2003 ही चिप. सात वाटा एकाच चिपमध्ये आणि मोटरीच्या उलट्या झटक्यासाठीचे डायोड आतच. लुकलुक ठरावीक तालात केली तर लगेच रोषणाई वाटते. प्रत्येक रंगाला वेगळी आणि अनियमित वेळ दिली, तेव्हा कुठे डोळ्याला ताल सापडेनासा झाला.

पाती फिरवायला एन20 गिअर मोटर घेतली, अंगठ्याच्या पेराएवढी. वेग कमी करायला आधी नॅनोवरूनच पीडब्ल्यूएम, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणारी वीज, दिलं आणि नॅसेल गुणगुणायला लागली. नॅनोचं नेहमीचं पीडब्ल्यूएम सेकंदाला 490 वेळा चालू-बंद होतं, ते आपल्या कानाला नीट ऐकू येतं आणि पोकळ प्लॅस्टिकची नळी तो आवाज आणखी वाढवते. मोटरींना त्या भानगडीतून बाहेर काढलं. व्होल्टेज उतरवणारं छोटं बक कन्व्हर्टर लावून त्यांना सरळ 5 व्होल्ट दिले, मोटरीभोवती स्पंजाची पट्टी गुंडाळली. आता आवाज येतो, पण पंखा बंद असेल तरच. बाहेरचा घुमट आतून मॅट क्लिअर, म्हणजे बिनचमकीचं पारदर्शक वार्निश, मारून धूसर केला, म्हणजे पात्यांच्या कडा विरघळून नुसती हालचाल दिसते. घुमट चिकटवलेले नाहीत, आत छोटे चुंबक आहेत. बाकी यान कायमचं बंद झालं तरी मोटर कधीतरी बदलावी लागणार, एवढं ठरलेलंच आहे. एलईडींना मात्र कवच बंद करण्याआधी आठवडाभर अखंड पेटत ठेवलं. मरायचे असतील ते तेव्हाच मरतात.

जोडणीचं फार सांगत नाही. जोडांना पुट्टी, वॉटर पेपर, पुन्हा पुट्टी. पायलनमध्ये पितळी पट्ट्या घातल्या, नाहीतर मोटरींच्या वजनाने नॅसेल मागे झुकतात. दोन्ही सारख्या कोनात राहाव्यात म्हणून जाड पुठ्ठ्याचा साचा कापला आणि गोंद पुरता वाळेपर्यंत यान त्यातच ठेवलं.

रंगकाम पावसाळ्यात अडकलं. दमट हवेत लॅकर मारला की वाळताना त्यावर पांढुरकी बुरशीसारखी झाक येते. कॉम्प्रेसरला वॉटर ट्रॅप लावूनही खोलीतली हवा ओलीच असते, तिचं काय करणार? ऑक्टोबर उजाडेपर्यंत वाट पाहिली. छटा निवडताना स्मिथसोनियनच्या डागडुजीचा आधार घेतला. मूळ मॉडेल अनेकदा रंगवलं गेलं, पण तबकडीच्या वरच्या बाजूचा साठच्या दशकातला रंग शाबूत होता, त्यावरूनच त्यांनी बाकीचा जुळवला. राखाडी, त्यात हिरव्याची पुसट छटा. पडद्यावर पांढराशुभ्र दिसतो तो दिव्यांचा खेळ.

किटच्या तबकडीवर चौकडीच्या रेघा कोरलेल्या आहेत. मला त्या 1/350 ला ठळक वाटतात, आवडणाऱ्यांना आवडोत. मी त्या पुट्टीने बुजवल्या आणि रंगानंतर 0.5 च्या पेन्सिलने, लवचिक पट्टी धरून, हलक्या हाताने पुन्हा ओढल्या. मूळ मॉडेलवरही त्या पेन्सिलच्याच होत्या. हाताने पुसल्या जाऊ नयेत म्हणून वर मॅट क्लिअरचा हात. त्याआधी ग्लॉसच्या चकचकीत थरावर डिकल, म्हणजे अक्षरं-खुणांचे पातळ स्टिकर, लावले होते. मॅटवर थेट लावले तर खाली हवा अडकून कडा चंदेरी दिसतात.

पेटवल्यावर भाच्याचा पहिला प्रश्न, "आत्या, पुढची मोठी थाळी का नाही पेटत?" धडाच्या तोंडाशी असलेली ती तांब्याच्या रंगाची थाळी या मालिकेत पेटतच नाही, निळा उजेड नंतरच्या चित्रपटांतल्या यानाला आला. त्याला ते पटलेलं नाही. "लावून तर बघ," म्हणतो. लावणार नाही.

सध्या यान रोज संध्याकाळी दोन तास चालतं, अडॅप्टरला टायमर आहे. डाव्या नॅसेलच्या मोटरीने मात्र कुरकुर सुरू केली आहे. पासोड्या विठोबाला एक फेरी मारावी लागणार, आणि तीही गणपतीच्या आधी. एकदा माळा घेणाऱ्यांची गर्दी सुरू झाली की त्या दुकानात एन20 मोटर मागायची सोय राहत नाही.