मावशीला देणगी नको, एप्रिलमध्ये कापडाचे पैसे हवेत

बडोद्याच्या दांडिया बाजारात मावशीच्या संस्थेचं शिवणकेंद्र आहे, 14 बायका तिथे शाळांचे युनिफॉर्म शिवतात. रविवारी गेले होते तेव्हा तिची उधारीची वही बघितली. शाळा जूनमध्ये सुरू होतात म्हणून कापड एप्रिलमध्येच घ्यावं लागतं आणि शाळा पैसे देतात दिवाळीला, मग व्यापाऱ्याकडून उधारीवर उचलायचं आणि तो मीटरमागे 12 रुपये जास्त लावणार. प्रत्येक ताग्यापुढे मावशीने तो फरक लाल शाईने लिहिलाय. मागच्या सीझनला 3,200 मीटर कापड, म्हणजे 38,400 रुपये नुसते उधारीत गेले! या बायकांची मजुरी वाढली असती हो त्यात.

देणग्या मिळतात, नाही असं नाही. मार्चअखेर 80जीच्या, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीच्या पावतीसाठी लोक येतात, कुणी मशीन देतं, कुणी पंखा. पण कापडासाठी कोण देणार? आणि खरं तर तिला फुकट नकोच आहेत, दिवाळीला परत करणारे ती. बँक तारण मागते, ते संस्थेकडे नाही.

मग मी सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दल, म्हणजे शेअर बाजारातल्या सामाजिक संस्थांसाठीच्या वेगळ्या विभागाबद्दल, वाचत बसले. 2019च्या बजेटमध्ये घोषणा झाली, 2022मध्ये सेबीचे नियम आले, आणि डिसेंबर 2023मध्ये बंगळुरूच्या उन्नती फाउंडेशनचं पहिलं लिस्टिंग झालं, 1.8 कोटी उभे राहिले. चांगलंच आहे ते, संस्थेला कामाचा हिशोब जाहीर करावा लागतो. पण तिथला झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल रोखा म्हणजे व्याज नाही, मुद्दलही परत नाही, डीमॅटमध्ये नोंद दिसते एवढंच, म्हणजे देणगीच झाली ना ती. आणि इश्यू कमीत कमी 50 लाखांचा लागतो. मावशीला हवेत पाच लाखांच्या आत, तेही सात महिन्यांसाठी.

इंग्लंडमध्ये बँकांत वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या खात्यांतला पैसा वापरून 2012मध्ये बिग सोसायटी कॅपिटल उभी केली, तिच्यातून मधल्या फंडांमार्फत अशा संस्थांना परतफेडीचं भांडवल मिळतं. आपल्याकडे हे का नसावं? अहो, 1889मध्ये याच बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली होती, एकमेकांचे पैसे एकमेकांच्या अडचणीला, आणि देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला 1904 साली!

तर आम्ही ठरवलंय, आठ जणांनी प्रत्येकी 60 हजार घालायचे, एप्रिल ते ऑक्टोबर, वर्षाला 5 टक्क्यांनी, स्टॅम्प पेपरवर करार करून. सगळं व्याज मिळून 14 हजार होतं, म्हणजे उधारीच्या मानाने संस्थेचे 24 हजार वाचतात. शाळेने पैसे उशिरा दिले तर आपलेही अडकतील हे मी प्रत्येकाला आधीच सांगितलंय, ज्याला घरात लागणारेत त्याने घालू नयेत. पण मला या बायकांचा हात माहितीये, गेल्या वर्षी एकही शर्ट परत आला नाही.

मावशीने नवीन वही आणलीये. पहिल्या पानावर आठ रेघा आखल्यात, सहा नावं लिहून झालीत, दोन बाकी आहेत. कुणाला यायचं असेल तर मला सांगा.