अस्तराच्या आत

मी येवल्याची. आमच्याकडे पैठणी घ्यायला आलेली बाई आधी पदर उलटा करते. मागची नक्षी पुढच्याइतकीच स्वच्छ आहे, एकही धागा लोंबत नाही, एवढं दिसलं की मगच भावाचं बोलणं. गेली काही वर्षं मी जर्मनीतल्या एका संग्रहालयात जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते. इथंही कापड समोर आलं की हात आधी उलट्या बाजूला जातो.

जर्मन स्त्री-कलाकारांच्या चित्रांचं आणि हस्तकलेचं प्रदर्शन लागायचं होतं. बाउहाउस या जर्मनीतल्या कला-हस्तकलेच्या शाळेत शिकलेल्या एका मुलीनं 1920 च्या दशकात विणलेलं, भिंतीवर लावायचं कापड एका कुटुंबाकडून आलं. पेटी उतरली तरी चोवीस तास उघडायची नाही, दालनाची हवा आत मुरू द्यायची. दुसऱ्या दिवशी टेबलावर पसरलं. राखाडी, मातकट, शेवाळी पट्टे. मागे जाड सुती अस्तर, पुष्कळ नंतर कुणीतरी शिवलेलं.

टांगण्यासाठी वरच्या काठाला व्हेल्क्रोची पट्टी शिवावी लागते. सुई अर्धगोल, आणि ती दोन धाग्यांच्या मधूनच गेली पाहिजे. धाग्यात घुसली तर जुना पीळ तिथंच तुटतो. हे काम मी घाईनं कधीच करत नाही. त्यासाठी अस्तर चार बोटं उसवलं.

आत नारिंगी होतं, पिकल्या पपईच्या फोडीसारखं. त्याला लागून जांभळा. पुढून शेवाळी दिसणारा पट्टा मागून चक्क मोरपंखी. कुणाला हाक न मारता मी बराच वेळ नुसती बघत राहिले.

पुढची बाजू उन्हानं खाल्ली होती. उडालेला रंग नंतर कितीही अंधारात ठेवला तरी परत येत नाही. म्हणून कापडावर आम्ही 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड पडू देत नाही, आणि लोक रोज तक्रार करतात की इथं दिसत नाही. तक्रारी ऐकून दिवे वाढवा म्हणणारे वरिष्ठही भेटलेत; त्यांचा मला राग येतो.

कॅटलॉग छापून झाला होता. त्यात या मुलीच्या संयत, मातीच्या रंगांवर दोन पानं होती. क्युरेटरबाईंना फोटो दाखवला. अभ्यासू बाई, पण म्हणाल्या, मागची बाजू म्हणजे तंत्र. कलाकृती पुढं असते. मला ते अजून पटलेलं नाही. शेजारच्याच दालनात गाब्रिएले म्युंटर या जर्मन चित्रकर्तीचं काचचित्र होतं, काचेच्या मागून रंगवलेलं. तिथं मागची बाजू चालते! 1919 मध्ये बाउहाउस सुरू झालं तेव्हा स्त्री-पुरुष भेद करणार नाही असं सांगितलं होतं, आणि आलेल्या बहुतेक मुलींना विणकामाकडे वळवलं. पुढं विणकामातल्या कलाकार म्हणून नावाजलेल्या आनी अल्बर्सना काचेच्या कार्यशाळेत जायचं होतं. त्याही मागावर बसल्या. चित्रं मोठ्या दालनात आणि कापड बोळात, ही वाटणी आम्हीही तशीच ठेवली.

ओळखपाटीवर मागच्या बाजूचा पोस्टकार्डाएवढा फोटो लावायला मात्र क्युरेटरबाई तयार झाल्या. कंडिशन रिपोर्टमध्ये, म्हणजे कापडाच्या अवस्थेच्या नोंदीत, मी एकेका पट्ट्याचे दोन्ही बाजूंचे रंग लिहिले. मग अस्तर बंद केलं. त्या चार बोटांना पक्का टाका घातला नाही, साधा धावदोरा घातलाय. पुढं जिच्या हातात हे कापड येईल, तिला तो एका ओढीत काढता येईल.