आजोळ हार्झच्या डोंगरात

माझं आजोळ जर्मनीत आहे म्हटलं की साताऱ्यात लोक आधी बीएमडब्ल्यूचं विचारतात आणि मग बर्फाचं. आईचं गाव सांक्ट आंद्रेआसबेर्ग, हार्झ डोंगरातलं खाणवाल्यांचं गाव, तिथं बीएमडब्ल्यूचं काही नाही. पप्पा सत्तरच्या दशकात जवळच्या क्लाउस्थालला मायनिंग शिकायला गेले, तिथं आई भेटली, आणि लग्न करून साताऱ्यात आली ती इथलीच झाली, मंडईत तिची घासाघीस ऐकायला लोक थांबतात.

यंदा एकदाचे तिघं गेलो. गावातले रस्ते इतके उभे की यवतेश्वरचा घाट बरा वाटावा, पप्पांच्या गुडघ्यांचं काय झालं ते विचारू नका.

सगळ्यात भारी म्हणजे सॅमसन खाण. चांदीची, आठशे मीटरपेक्षा खोल, 1910 ला बंद पडली, आईचे पणजोबा तिथं कामाला होते. आत फारकुन्स्ट नावाचं यंत्र आहे, 1837 चं, अजून चालतं. शाफ्टमधे, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीत, तारेचे दोन दोर शेजारी शेजारी, दोन्हीवर पायऱ्या, पूर्वी पाण्याच्या जोरावर चालायचं, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली, क्षणभर थांबले की माणसानं या पायरीवरून त्या पायरीवर जायचं, परत दिशा बदलली की परत इकडं, असं करत करत वर यायचं. त्याआधी दिवसभर खणून झाल्यावर शिड्या चढून वर यायला लागायचं. हा तारेचा दोर क्लाउस्थालच्याच विल्हेल्म आल्बेर्टनी 1834 ला काढलेला, हे पप्पांनी गाइडच्या आधी सांगून टाकलं, गाइड जरा नाराज झाला.

खाणीच्या पगारात भागायचं नाही म्हणून इथं घरोघरी कॅनरी पाळायचे, बायकापोरं लाकडी पिंजरे करायची आणि व्यापारी ते पक्षी थेट अमेरिकेपर्यंत न्यायचे. हार्झर रोलर ही त्यांची जात, चोच मिटून हळू गाते. आजोबांकडंपण होते म्हणे. खाणीतच कॅनरींचं म्युझियम आहे, आई तिथून हलायलाच तयार नव्हती, शेवटी पप्पा बाहेर जाऊन बसले.

जंगलाचं मात्र वाईट वाटलं. लहानपणापासून आईकडून काळ्याकुट्ट स्प्रूसच्या रानाचं ऐकत आलेले, आणि बघितलं तर डोंगरच्या डोंगर राखाडी, नुसते वाळलेले खांब. 2018 पासूनचे दुष्काळ आणि साल पोखरणारे भुंगे. मूळ कारण जुनं, खाणीला लाकूड लागायचं म्हणून सगळीकडं एकाच जातीची झाडं लावलेली. खाली बर्चची रोपं उठायला लागलीत, पण आई तिकडं बघेना.

आजीची कबर पण नाही. जर्मनीत कबरीची जागा ठरावीक वर्षांसाठीच मिळते, वीस-पंचवीस वगैरे, पुढं पैसे भरून वाढवली नाही तर काढून टाकतात. मामा गेल्यावर कोण भरणार? मला लई राग आला, आई म्हणाली, ‘तुझ्या साताऱ्याच्या आजीची राख कृष्णेत सोडली तेव्हा कुठं रागावलीस?’ यावर मला काही बोलता आलं नाही. नंतर चर्चच्या जुन्या वहीत पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली, बापाचा धंदा खाणकामगार असा लिहिलेला. आपल्याकडं हेळवी येऊन पिढ्या वाचून दाखवतो, तिकडं ते काम पाद्री करायचा.

शेवटच्या दिवशी रेबेर्गर ग्राबेनच्या कडेनं चाललो. ओडरटाइख तळ्यातलं पाणी खाणीच्या चाकांसाठी डोंगराच्या कडेकडेनं गावात आणणारा हा पाट, सात किलोमीटरच्या आसपास, तीनशे वर्षं जुना, 2010 पासून वर्ल्ड हेरिटेजमधे. पप्पा म्हणाले, ‘आपला कासचा पाट काय कमी आहे?’ आणि पुढं सगळा रस्ताभर दोघांचं पाण्याच्या उतारावरून भांडण.

कुणाला जायचं असेल तर बाड हार्झबुर्गपर्यंत रेल्वे आहे, पुढं बस. खाणीच्या टूरच्या वेळा आधी बघून ठेवा, आणि बूट चांगले घ्या.