पूर, लॉकडाऊन आणि परत पूर : आमच्या प्रेसची वाटचाल

सांगलीत वडिलांनी ट्रेडल मशीनवर, म्हणजे खिळे जुळवून छापायच्या जुन्या मशीनवर, छपाई सुरू केली, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हँडबिलं असली कामं, पुढं मी ऑफसेट घेतलं आणि २०१९ पर्यंत आम्ही मला धरून नऊ जण झालो होतो. मशीनमन मामा तर वडिलांच्या वेळचे. तोवर सगळं रुळावर चाललं होतं, सांगण्यासारखं जे आहे ते २०१९ ते २०२१ या काळातलंच.

पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना एकच विचारतात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती? ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २००५ ला ते ५३ च्या वर गेलेलं आणि गावभागात, पेठेत तेव्हापासून सगळेजण त्याच खुणेचा अंदाज धरून सामान वर चढवायचे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी वाढायला लागलं तसं आम्हीही कागदाची रिमं वरच्या रॅकवर टाकली, पण मामा म्हणाले, "मालक, मशीन काय हलणार नाही, मोटार तरी काढून घेऊया." रात्री उशिरापर्यंत पोरांनी मोटारी आणि पॅनलमधली कार्डं काढली, टेम्पोत घालून मिरजेला पाहुण्यांकडं नेऊन ठेवली. यावेळी पाणी ५७ फुटांवर गेलं.

पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर कागद फुगून रॅकच्या लोखंडी पट्ट्या वाकल्या होत्या, सगळीकडं तो चिकट गाळ आणि वास, रोलर, बेअरिंग, साखळी सगळ्यात चिखल. पण त्या दिवशी कामावर मी कुणालाच बोलावलं नाही, कारण आमच्यातल्या पाच जणांची घरंच पाण्यात होती. आधी आळीपाळीनं त्यांची घरं धुतली, बाइंडिंगच्या वहिनींच्या घरापासून सुरुवात केली, मग प्रेसला हात लावला. मामांनी मशीन खोलून एकेक भाग डिझेलनं धुतला, पोरांनी पुसून तेल लावलं. मोटारी वाचल्या म्हणून रिवाइंडिंगवाल्याच्या रांगेत थांबायला लागलं नाही, त्या दिवसात ती रांग केवढी होती हे सांगलीतल्या माणसालाच कळेल.

पगाराच्या आधी सगळ्यांना बसवून वही समोर ठेवली. बँकेत किती आहे, येणं किती, कागदवाल्याचं देणं किती, हप्ता किती, सगळं आकड्यात. आणि म्हणलं, दहा तारखेला अर्धा पगार नक्की मिळेल, राहिलेला विम्याच्या क्लेमचे पैसे आले की. "कुणालाच काढणार नाही" असं मोघम बोललो नाही, डिसेंबरपर्यंत कुणाला काढणार नाही एवढंच बोललो, कारण हिशोबात मला तेवढंच दिसत होतं, आणि डिसेंबरच्या आधी परत बसून पुढचं सांगीन म्हणलं. माझं ठाम मत आहे, संकटात माणसाला धीर द्यायचा तर तो आकड्यात आणि तारखेत द्यावा. मालक काय लपवतोय का ही शंका आली की चांगला कारागीर आधी जातो.

क्लेमचं थोडं सविस्तर सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आमच्या पॉलिसीत पूर धरलेला होता. कॅश क्रेडिटमुळं, म्हणजे मालाच्या तारणावर घेतलेल्या कर्जामुळं, बँकेला दर महिन्याला शिल्लक मालाचं स्टॉक स्टेटमेंट जायचं, नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरला तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. ओला कागद उचलायची घाई केली नाही, आधी फोटो, मोजणी, मगच भंगारात. विमा मालाच्या किमतीपेक्षा कमी रकमेचा असेल तर क्लेम त्याच प्रमाणात कापला जातो, मशीन जुनं म्हणून त्याच्या किमतीतून घसारा कापतात, आणि नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करायला लागतं. हे सगळं धरूनच पुढचा हिशोब मांडला, म्हणून पैसे आले तेव्हा राहिलेले पगार देऊनही कागद घेता आला.

जरा सावरतोय तोवर मार्च २०२०, लॉकडाऊन. एप्रिल-मे म्हणजे आमचा लग्नपत्रिकांचा सीझन, तो सगळाच गेला. परत वही काढली, यावेळी फोनवर, एकेकाला. हप्ते पुढं ढकलायची सवलत घेतली पण व्याज चढतच होतं, म्हणून जमेल तसं भरत गेलो. पुढं सरकारी हमीचं कर्ज आलं, २९ फेब्रुवारी २०२० ला आपलं जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के, तारण नको, त्यावर पगार चालले. आणि काम? बाइंडिंगच्या वहिनींचा भाऊ तासगावला बेदाण्याच्या शेडवर, त्यानं सांगितलं की बॉक्स जातायत पण लेबलं मिळत नाहीत. खाण्याचा माल चालू होताच. पास काढला, दोन-दोन माणसं आलटून पालटून, आणि लेबलं छापायला लागलो. बेदाणा, हळद, मग मसाला. पत्रिकांपेक्षा मार्जिन कमी पण काम बारमाही, आणि हे काम मी नाही आणलं, आमच्या माणसांनी आणलं, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो.

जुलै २०२१ ला परत पाणी, ५५ फुटांच्या आसपास. तोवर लोखंडी पोटमाळा केला होता, कुणी काय उचलायचं ते ठरलेलं होतं, मोटारी मामांनी कुणी न सांगता सोडवल्या. कागद जवळजवळ सगळा वाचला, मशीन परत धुवावं लागलं, आठवड्याभरात छपाई चालू झाली. त्या महिन्यात पगार पूर्ण झाला, दहा तारखेलाच.

मामा आता अर्धा वेळ येतात आणि दोन नवीन पोरांना मशीन शिकवतात. निम्म्याच्या वर काम लेबलचं आहे. विम्याची रक्कम दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, मशीनच्या आणि कागदाच्या चालू भावानं परत ठरवून घेतो, आणि वही अजून महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर उघडतो, धंदा चांगला चालला असला तरी. येणी कुणाकडं अडकलीत ते आता पोरंच आधी विचारतात आणि वसुलीला स्वतः जातात.